उंबरठ्यावरचा निरोप : लॅटिन प्रेमकाव्यांतील एक विषय

आजच्या भाषणाचा विषय दोन हजार वर्षांपूर्वींच्या रोम शहरांतला आहे. परंतु त्याची मला आठवण झाली ती एका अगदीं घरगुती प्रसंगानें. प्राथमिक शाळेंत चौतीस वर्षें मुलांना शिकवून मी निवृत्त झालों, त्या शनिवारीं शाळेंत रीतीप्रमाणें निरोपसमारंभ झाला. शाल आणि श्रीफळ मिळालें, मुलींनीं गाणें म्हटलें, आणि उत्तरादाखल मी चार शब्द बोललों. ज्याचें काम संपलें त्यानें मागें वळून पाहूं नये, मीही पाहणार नाहीं, असें मीं मोठ्या निश्चयानें सांगितलें. सभेनें टाळ्या वाजविल्या. पुढच्या सोमवारीं सकाळीं साडेदहाच्या सुमारास मी भाजी आणावयास म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडलों, आणि भानावर आलों तेव्हां शाळेच्या फाटकाशीं उभा होतों. शिपायानें अदबीनें विचारलें, "गुरुजी, कांहीं विसरलांत काय?" मीं म्हटलें, "नाहीं रे, सहज आलों." मंडई अगदीं उलट दिशेला होती.

घरीं परततांना मला टिबलस नांवाच्या रोमन कवीची आठवण झाली. त्याचीही तक्रार आपल्या पायांविरुद्धच आहे. प्रेयसीच्या दारीं पुन्हां जावयाचें नाहीं अशी शपथ तोंडानें घ्यावी, आणि पायांनीं ती मोडावी, असें त्याचें वारंवार होत असे. तोंड एकाचें नि पाय दुसऱ्याचे, असा हा प्रकार. लॅटिन भाषेंतील प्रेमकवींनीं प्रेमाला निरोप देण्याच्या ज्या कविता लिहिल्या आहेत, त्या सर्वांच्या मुळाशीं हाच प्रकार आहे, असें मला वाटतें. त्या कवितांविषयीं आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम एक गोष्ट कबूल करतों. मी लॅटिनचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक मास्तर इंग्रजी भाषांतर समोर ठेवून आणि कोशाची काठी हातांत घेऊन जितका चालेल, तितकाच मी या रस्त्यानें चाललों आहें. परंतु पुष्कळ वर्षें चाललों आहें, एवढेंच काय तें म्हणतां येईल.

एलिजी या शब्दाला आपण मराठींत ‘विलापिका’ म्हणतों, आणि त्यामुळें मृत व्यक्तीसाठीं केलेल्या शोकाची कविता आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. रोमन लोकांच्या दृष्टीनें मात्र एलिजी म्हणजे एका विशिष्ट वृत्तांतली कविता. विषय शोकाचा असो कीं शृंगाराचा. लॅटिन वृत्तें आपल्या संस्कृत वृत्तांप्रमाणेंच लघु-गुरूच्या मापावर चालतात, म्हणून आपल्याला तीं समजावयास कठीण नाहींत. या वृत्तांत दोन दोन ओळींची जोडी असते. पहिल्या ओळींत सहा गण. ते बहुधा आपल्या भगणासारखे, म्हणजे एक गुरु आणि दोन लघु, किंवा त्याच्या जागीं दोन गुरु. दुसरी ओळ तशाच चालीनें निघते, पण मध्यावर अडखळते आणि पांच गणांच्या मापावर थांबते. एक ओळ चढावयाची, दुसरी उतरावयाची. निश्चय करावयाचा आणि तो ढळूं द्यावयाचा, असें हें वृत्तच आहे. गणाला लॅटिन भाषेंत ‘पाय’ असेंच म्हणतात. आपणही कवितेच्या ओळीला चरण म्हणतोंच. ओव्हिड या कवीनें यावर एक विनोद केला आहे. मी युद्धावर भारदस्त काव्य लिहावयास बसलों होतों, पण मदन हंसला आणि त्यानें दुसऱ्या ओळीचा एक पाय चोरला. मग प्रेमाची कविता लिहिण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं, असें तो सांगतो. पुढें त्यानें एलिजीला देवीच्या रूपानें उभें केलें आहे, आणि तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षां लांब दाखविला आहे. या कवींना पायांचा भरंवसा कां नव्हता, तें यावरून लक्षांत येईल.

या काव्याचा बहर फार थोडा काळ टिकला. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या पूर्वार्धांत कॅटलस, त्यानंतर गॅलस, नंतर टिबलस, प्रॉपर्शियस आणि ओव्हिड. हा सगळा पसारा फार तर साठ-सत्तर वर्षांचा. त्याचा उत्तरार्ध म्हणजे बादशहा ऑगस्टसचा काळ. खानदानी रोमन तरुणानें फौजेंत जावें, न्यायालयांत बोलावें, अधिकाराच्या जागा मिळवाव्या, विवाह करून प्रजा वाढवावी, अशी अपेक्षा असे, इ. स. पू. १८ मध्यें तर ऑगस्टसनें विवाहाविषयीं कायदेच केले. अशा समाजांत हे कवि म्हणतात कीं, आम्ही एका स्त्रीचे गुलाम आहों. तिचा उंबरठा हीच आमची रणभूमि. प्रेयसीला ते जो शब्द लावतात त्याचा अर्थ ‘धनीण’ असा आहे, म्हणजे गुलामानें आपल्या मालकिणीला लावावयाचा शब्द. ज्या नगरांत खरे गुलाम बाजारांत विकले जात, तेथें स्वतंत्र नागरिकानें आपल्याला गुलाम म्हणवून घेणें ही केवळ अलंकाराची गोष्ट नव्हती; ऐकणाराच्या कानाला तें टोंचत असे.

या स्त्रिया त्यांच्या विवाहित पत्नी नव्हत्या. कोणी परस्त्री, कोणी गणिका, कोणी दास्यांतून मुक्त झालेली. कवि त्याबाबत मुद्दामच संदिग्ध बोलतात. नांवेंही टोपण. दुसऱ्या शतकांत अपुलियस या ग्रंथकारानें खरीं नांवें दिलीं आहेत. लेस्बिया म्हणजे क्लोडिया, डेलिया म्हणजे प्लानिया, सिंथिया म्हणजे होस्टिया. टोपणनांव आणि खरें नांव यांचें लघु-गुरूचें माप एकच असतें, ही त्यांतली मौज.

प्रेम म्हणजे गुलामी असें एकदां ठरल्यावर प्रेमाला निरोप देणें म्हणजे गुलामींतून सुटणें हें ओघानेंच आलें. विद्वानांनीं या प्रकारच्या कवितांना ‘रेनुंतियातिओ आमोरिस’ असें नांव दिलें आहे. त्याला मराठींत ‘प्रेमाचा राजीनामा’ म्हणतां येईल. त्यांत कांहीं गोष्टी ठरलेल्या असतात. मी इतकीं वर्षें चाकरी केली, ही कबुली. तूं कृतघ्न निघालीस, हा आरोप. मी आतां बरा झालों, किंवा माझें गलबत बंदरास लागलें, ही घोषणा. आणि शेवटीं, तूंही पस्तावशील, हा शाप. सरकारी राजीनाम्याचा जसा ठराविक मजकूर असतो, तसाच हाही. प्रश्न असा कीं, तो मंजूर होतो काय?

कॅटलसपासून पाहूं. हा वेरोनाचा राहणारा, तिशीच्या आसपास वारला. त्याच्या कवितांची एकुलती एक प्रत इ. स. १३०० च्या सुमारास वेरोना येथें उजेडांत आली नसती, तर आज आपल्याला त्याचें जवळजवळ कांहींच वाचावयास मिळालें नसतें. त्याची एक प्रसिद्ध कविता एलिजीच्या वृत्तांत नाहीं; ती ज्या वृत्तांत आहे त्याचें नांवच ‘लंगडें’ असें आहे. तींत तो स्वतःलाच दटावतो. जें गेलें तें गेलें समज आणि घट्ट राहा, असें बजावून तो पूर्वींच्या उजळ दिवसांची आठवण काढतो. पुन्हां सावरतो आणि तिचा निरोप घेतो. येथें कविता संपावयास हवी होती. पण ती संपत नाहीं. आतां तुझ्याकडे कोण येईल, तुला सुंदर कोण म्हणेल, तूं कोणावर प्रेम करशील, असे प्रश्नांवर प्रश्न सुरू होतात, आणि एकेका प्रश्नासरशीं त्याचा आवाज कठोर होण्याऐवजीं मऊ होत जातो. मग तो दचकतो आणि पहिलीच आज्ञा पुन्हां स्वतःला देतो. जेथून निघाला तेथेंच तो परत येऊन उभा राहतो. ज्याला घट्ट राहा असें दोनदां सांगावें लागतें तो घट्ट राहिलेला नाहीं, हें सांगावयास टीकाकार नको. कोणतीही आई तें ओळखील.

त्याची दुसरी एक कविता एलिजीच्या वृत्तांत आहे, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. तेथें तो प्रेयसीशीं बोलतच नाहीं. तिनें आपल्यावर प्रेम करावें किंवा तिनें एकनिष्ठ राहावें, या दोन्ही मागण्या त्यानें सोडून दिल्या आहेत. जुनें प्रेम एका झटक्यानें सुटत नाहीं, हें त्याला ठाऊक आहे. तो देवांना एवढेंच मागतो कीं, मला या रोगांतून बरें करा. प्रेम हा रोग ही कल्पना कवींची नेहमींचीच; परंतु येथें अलंकार गळून पडला आहे आणि नुसता रोगी उरला आहे.

आणि खरा शेवटचा निरोप? तो त्यानें दोन मित्रांच्या हातीं पाठविला. त्या कवितेच्या शेवटीं त्यानें आपल्या प्रेमाला शेताच्या कडेच्या फुलाची उपमा दिली आहे; नांगर जातां जातां त्याला सहज लागून गेला आणि तें पडलें. ही कविता साफो या ग्रीक कवयित्रीच्या वृत्तांत आहे. या वृत्तांत कॅटलसच्या दोनच कविता आहेत. एक ही, आणि दुसरी लेस्बियाच्या प्रथमदर्शनानें उडालेल्या गोंधळाची. ज्या दारानें तो आंत आला, त्याच दारानें बाहेर जाण्याचा त्यानें प्रयत्न केला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

गॅलसची हकीकत विलक्षण आहे. रोमन लोक त्यालाच प्रेम-एलिजीचा आद्य कवि मानीत. त्यानें चार पुस्तकें लिहिलीं, आणि लायकोरिस या नांवानें एका नटीला त्यांत अमर केलें. इ. स. पू. ३० मध्यें इजिप्त जिंकल्यावर तो तेथील पहिला रोमन सुभेदार झाला. पुढें ऑगस्टसची मर्जी गेली आणि त्यानें आत्महत्या केली. त्याचीं चारही पुस्तकें नाहींशीं झालीं. कित्येक शतकें त्याची फक्त एक ओळ शिल्लक होती. १९७८ सालीं इजिप्तच्या न्यूबिया भागांत कस्र इब्रीम येथील उत्खननांत पपायरसचा एक तुकडा सांपडला, त्यावर त्याच्या आणखी नऊएक ओळी निघाल्या. त्यांत लायकोरिसचें नांव आहे, आणि आरंभींच तिच्या वागणुकीनें झालेल्या दुःखाचा उल्लेख आहे. मात्र गॅलसचा निरोप आपल्याला त्याच्या मित्राच्या, म्हणजे व्हर्जिलच्या, एका गोपगीतांतच पाहावयास मिळतो. तेथें गॅलस म्हणतो कीं मी रानांत जाईन, शिकार करीन, झाडांच्या सालींवर कविता कोरीन. आणि हे बेत बोलून होतात न होतात तोंच, या कशानेंही प्रेमाचें औषध होणार नाहीं, अशी त्याची खात्री पटते. प्रेमापुढें हात टेकून तो थांबतो. बेत करतांनाच बेत ढांसळणें, हा पुढच्या सर्व कवींनीं उचललेला धडा आहे.

आतां आमचा टिबलस. हा शांत, शेतीभातीची आवड असलेला, इ. स. पू. १९ मध्यें अकालीं वारलेला कवि. त्याच्या पहिल्या पुस्तकांत डेलिया आहे, दुसऱ्यांत नेमेसिस. डेलियाशीं बिनसल्यावर आपण मोठ्या ऐटींत म्हणालों कीं हा वियोग मी सहज सोसीन, आणि आतां पाहावें तों मुलानें फिरविलेल्या भोंवऱ्यासारखे गरगरत आहों, अशी तो कबुली देतो. नेमेसिसवरील शेवटच्या कवितेंत त्याचा एक मित्र लढाईस निघाला आहे. त्याला पाहून यालाही स्फुरण चढतें. आपणही छावणींत जाऊं, प्रेमाला आणि स्त्रियांना रामराम ठोकूं, असें तो जाहीर करतो. परंतु बंद दार दिसलें कीं सगळी वीरश्री गळते. याच ठिकाणीं ती पायांची तक्रार आली आहे.

पण टिबलस तेथेंच थांबत नाहीं. पाय कां वळतात याचें कारणही तो सांगतो, आणि तें कारण सौंदर्य नव्हे, मोहही नव्हे. तें कारण आशा. आशा नसती तर या दुःखाचा मीं केव्हांच शेवट केला असता, असें तो म्हणतो. शेतकरी बीं मातींत टाकतो तें आशेवर. पायांत बेड्या खळखळत असतां गुलाम कामाच्या तालावर गाणें म्हणतो तेंही आशेवर. ती आशाच त्याला सांगते कीं, नेमेसिस उद्यां प्रसन्न होईल. नेमेसिस रोज नाहीं म्हणते, आणि आशा रोज हो म्हणते. प्रेमाचा राजीनामा मंजूर कां होत नाहीं याचें इतकें साधें आणि माणुसकीचें उत्तर मला अन्यत्र मिळालेलें नाहीं.

प्रॉपर्शियस हा असिसीचा. त्याच्या पहिल्या पुस्तकाचा पहिलाच शब्द ‘सिंथिया’ हा आहे. तिसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस तो तिचा निरोप घेतो. तत्पूर्वीं त्यानें सर्व उपाय योजून पाहिले आहेत. मद्याच्या देवाची प्रार्थना केली. अथेन्सला जाऊन प्लेटो आणि एपिक्यूरस यांचे ग्रंथ वाचूं, चित्रें पाहूं, म्हणजे अंतरानें आणि वयानें जखम भरेल, असा बेत केला. आणि शेवटीं राजीनामा लिहिला. तुझ्या रूपाची जी स्तुति मीं केली ती खोटी होती; माझ्या डोळ्यांनीं मला फसविलें; आतां माझें गलबत बंदरास लागलें आहे; सुबुद्धि नांवाच्या देवतेला मी स्वतःला अर्पण करतों; पांच वर्षें मीं इमानानें चाकरी केली. ठरलेलीं सारीं कलमें येथें आहेत. निघतांना तो त्या घराच्या दारासाठीं रडतो, आणि मग शाप देतो. तूं म्हातारी होशील. आरशांत सुरकुत्या दिसतील. पांढरे केंस उपटावेसे वाटतील. आज जशी तूं मला दाराबाहेर ठेवतेस तशी तूंही एक दिवस दाराबाहेर राहशील.

श्रोतेहो, येथें मला थोडें थांबावेंसें वाटतें. या कविता वाचतांना आपण कवीच्या बाजूनें वाहवत जातों, कारण बोलणारा तो एकटाच असतो. आरोपही त्याचा, साक्षही त्याची आणि निकालही त्याचाच. स्त्रीला उत्तर देण्याची सोय नाहीं. आणि शाप कोणता, तर वार्धक्याचा! ज्याला स्वतःलाही म्हातारपण यावयाचें आहे त्यानें दुसऱ्याला म्हातारपणाचा शाप द्यावा, हें मनाच्या मोठेपणाचें लक्षण नव्हे. वयाच्या साठीनंतर हा भाग वाचतांना मला तर संकोच वाटतो. काव्य म्हणून तें समर्थ आहे. पण निरोप म्हणून तें हलकें आहे. ज्याला खरोखर निघून जावयाचें असतें, तो जातांना दार आपटीत नाहीं.

परंतु प्रॉपर्शियसचा मोठेपणा असा कीं, त्यानें हा निकाल तसाच राहूं दिला नाहीं. चौथ्या पुस्तकांत सिंथिया परत येते, आणि तीही मेल्यानंतर! नुकतेंच तिचें दहन झालेलें आहे. रात्रीं तिची छाया कवीच्या बिछान्यावर ओणवते. वस्त्र एका बाजूनें जळालेलें, बोटांतली अंगठी आगीनें खाल्लेली. आणि ती बोलूं लागते. माझे डोळे मिटतांना मला कोणी हांक मारली नाहीं. माझ्या अंत्ययात्रेबरोबर तूं वेशीपलीकडे आला नाहींस. चितेवर चार फुलें टाकणें इतकें कां महाग होतें? मी तर तुझ्याशीं एकनिष्ठच राहिलें. मग ती आपल्या म्हाताऱ्या दाईची सोय लावावयास सांगते. आपल्या आवडत्या दासीला नव्या मालकिणीपुढें आरसा धरावयास लावूं नकोस, असें बजावते. माझ्यावरच्या कविता जाळून टाक, म्हणते. आणि तूं आतां कोणाचाही हो, अखेरीस माझाच आहेस, असें सांगून उजाडण्यापूर्वीं नाहींशी होते.

ज्या आरशाचा त्यानें शाप दिला होता, त्याच आरशाचा तिनेंही उल्लेख केला. पण स्वतःच्या सुरकुत्यांसाठीं नव्हे, एका गरीब दासीचा अपमान होऊं नये म्हणून. पहिल्या तीन पुस्तकांत त्यानें तिच्यावर बेइमानीचे आरोप केले. येथें ती त्याच्यावर करते, आणि खरें कोणाचें याचा निवाडा कवि देत नाहीं. इतकेंच नव्हे, तर लगेच पुढच्या कवितेंत सिंथिया जिवंत आहे! लॅनूव्हियमच्या यात्रेहून ती अवचित परतते, दोन स्त्रियांना जमवून चाललेली त्याची मेजवानी उधळून लावते, आणि अटी घालून त्याच्याशीं तह करते. मरण आधीं आणि भांडण मागाहून, असा हा उलटा क्रम आहे. ज्या स्त्रीला निरोप दिला ती मेली तरी जात नाहीं, आणि मेल्यानंतरही पुन्हां भांडावयास येते, हें सांगण्याचा याहून चांगला मार्ग कोणता असूं शकेल?

शेवटचा ओव्हिड, इ. स. पू. ४३ मध्यें सुल्मो येथें जन्मलेला. त्यानेंही राजीनामा लिहिला. पुष्कळ सोसलें, आतां बेड्या तोडल्या, गलबत बंदरांत आहे, असें तो सांगतो; आणि लगेच पुढें, माझ्या हृदयाला प्रेम एका बाजूला ओढतें नि द्वेष दुसऱ्या बाजूला, आणि बहुधा प्रेमच जिंकणार, असें कबूल करतो. जमलें तर द्वेष करीन. न जमल्यास मनाविरुद्ध प्रेम करीन. बैलाला कोठें जूं आवडतें, पण तो तें ओढतोच, असा त्याचा युक्तिवाद आहे. परंतु ओव्हिडचा खरा अधिकार निराळाच. प्रेम कसें जिंकावें यावर पुस्तक लिहून झाल्यावर, इ. स. च्या अगदीं आरंभीं, त्यानें प्रेमांतून बरें कसें व्हावें यावर आठशेंहून अधिक ओळींचें एक पुस्तक लिहिलें. वैद्यानें पथ्यपाणी सांगावें, तसा तो सांगतो. रिकामा बसूं नकोस. शेती कर, शिकार कर, दूर प्रवासाला जा. एकटा राहूं नकोस. तिचीं जुनीं पत्रें पुन्हां वाचूं नकोस, जाळून टाक. प्रेमाच्या कविता वाचूं नकोस. टिबलस नको, प्रॉपर्शियस नको, गॅलस नको. आणि मग हळूच कबूल करतो कीं, माझ्या कविताही त्यांतल्याच!

या पुस्तकांत गमतीच्या आवरणाखालीं दोन गोष्टी मोठ्या मार्मिक आहेत. पहिली ही कीं, माझें प्रेम संपलें असें जो ज्याला त्याला सांगत सुटतो, त्याचें संपलेलें नसतें. दुसरी ही कीं, द्वेषानें शेवट करूं नये. द्वेष हें सुटकेचें लक्षण नव्हे, तो त्याच दोरीचा दुसरा पीळ आहे. याच्या पुष्ट्यर्थ तो एक प्रसंग सांगतो. एका तरुणाचा आपल्या पत्नीशीं खटला चालला होता, आणि ओव्हिड त्याच्या बाजूनें हजर होता. तरुण रागानें धुमसत होता. तिला मेण्यांतून बाहेर येऊं द्या, असें तो गरजला. ती बाहेर आली. आणि याची वाचा बसली. हातांतल्या लेखनाच्या पाट्या गळून पडल्या, आणि तिला मिठी मारून यानें आपली हार कबूल केली. वैद्य सांगतो, म्हणून शांतपणें, न बोलतां, हळूहळू दूर व्हा. प्रेमाला विरून जाऊं द्या.

हा सल्ला खरा मानला तर त्यावरून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. ज्यांचें प्रेम खरोखर संपलें, त्यांनीं निरोपाच्या कविता लिहिल्याच नसतील! ते गप्प झाले असतील. म्हणजे आपल्यापर्यंत ज्या निरोपाच्या कविता आल्या आहेत, त्या सगळ्या न निघालेल्या माणसांच्या आहेत. हें सारें संकेतानें ठरलेलें, खोटें, असें कांहीं विद्वान म्हणतात. सारें अनुभवाचें, खरें, असें कांहीं म्हणत. मला दोन्ही टोंकें पटत नाहींत. राजीनाम्याचा मजकूर ठराविक असतो हें खरें. पण तो कोणाला लिहावा लागला, आणि लिहून झाल्यावर त्याचे पाय कोठें गेले, तें ठराविक नसतें. काव्य असेल तर तें तेथें आहे.

आतां शेवटची गोष्ट. इ. स. ८ मध्यें ऑगस्टसनें ओव्हिडला हद्दपार केलें. कारण दुहेरी होतें. एक काव्य आणि एक चूक. काव्य म्हणजे तें प्रेम जिंकण्याचें पुस्तक. औषधाच्या पुस्तकानें त्याचा कांहींच बचाव झाला नाहीं. काळ्या समुद्राच्या कांठीं टोमिस येथें, म्हणजे आजच्या रुमानियांतील कॉन्स्टान्त्सा येथें, त्याला जावें लागलें. रोममधली शेवटची रात्र त्यानें नंतर एका कवितेंत वर्णिली आहे, आणि वृत्त तेंच, एक पाय उणा असलेलें. घरांत कोणी मेल्यासारखा आकांत चालला आहे. मुलगी दूर आफ्रिकेंत आहे, तिला बातमीही नाहीं. पत्नीनें त्याला घट्ट धरलें आहे. निघावयाची वेळ झाली आहे; तो तीनदां उंबरठ्याशीं जातो आणि तीनदां मागें वळतो. निरोप घेऊन झाल्यावर पुन्हां बोलतो, त्याच त्या सूचना पुन्हां देतो, आणि त्याचे पाय मुद्दाम रेंगाळतात.

पाहा, तोच उंबरठा आणि तेच पाय! पण आतां येथें प्रेयसीचें बंद दार नाहीं. हें त्याचें स्वतःचें उघडें दार आहे. येथें शाप नाहीं, आरोप नाहीं, गलबत बंदरास लागल्याची बढाई नाहीं. उलट खरें गलबत बंदर सोडून निघालें आहे. तरुणपणीं थट्टेनें जें शिकला होता तें म्हातारपणीं त्याच्या उपयोगी पडलें. पत्नी त्याच्यासाठीं खटपट करावयास रोममध्यें मागें राहिली. त्याला परत बोलावणें कधींच आलें नाहीं, इ. स. १७ च्या सुमारास तो तेथेंच वारला. मरेपर्यंत तो रोमकडे कविता पाठवीत राहिला. पाय जाऊं शकत नव्हते, म्हणून वृत्ताचे पाय त्यानें पाठविले.

श्रोतेहो, आपल्यापैकीं प्रत्येकाला कशाचा ना कशाचा निरोप घ्यावा लागतो. माणसाचा, घराचा, कामाचा. तो घेतांना भारी निश्चयाचें भाषण करूं नये, एवढें या जुन्या रोमन कवींनीं मला शिकविलें. आणि दुसरें हें कीं, ज्याला निरोप द्यावयाचा त्याला शाप देऊं नये, कारण त्याचीही एक बाजू असते आणि ती एखाद्या रात्रीं उशाशीं येऊन उभी राहते. पाय वळले तर वळूं द्यावे. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. मी अजूनही मधून मधून मंडईला जातांना शाळेच्या रस्त्यानें जातों. शिपाई आतां कांहीं विचारीत नाहीं. तो नुसता हंसून नमस्कार करतो, मी नमस्कार करतों, आणि भाजी आणावयास जातों.

आपणांसही माझा नमस्कार.